सगळ्यांचा एकच काढा नको: कोणत्या वनस्पतीचा गुण कशात उतरतो

तुळस, आले, हळद, ज्येष्ठमध, लवंग, गुळवेल, सगळे एका पातेल्यात टाकायचे, अर्धा तास उकळायचे आणि गाळून प्यायचे, ही सवय करोनाच्या काळात घराघरांत लागली. अशा काढ्यात नेमके काय होते ते पाहा. तुळशीचा आणि लवंगेचा वास वाफेबरोबर उडून जातो. हळद तळाशी बसते आणि गाळणीत अडकते. ज्येष्ठमध मात्र पुरेपूर उतरते. गुळवेल कोणाला चालते आणि कोणाला नाही, हा विचारच होत नाही. सामान चांगले असते, मेहनतही होते. चूक होते ती पद्धतीत.

वनस्पतीतले औषध म्हणजे तिने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेली रासायनिक द्रव्ये. किडीने खाऊ नये, बुरशी लागू नये, गुरांनी तोंड लावू नये म्हणून तिने ती पानांत, सालीत, मुळांत साठवलेली असतात. आपल्याला प्रत्येक द्रव्याबद्दल तीनच गोष्टी कळाव्या लागतात: ते पाण्यात विरघळते की तुपा-तेलात, उष्णता सोसते का, आणि वाफेबरोबर उडते का. आयुर्वेदाने स्वरस (पिळलेला रस), कल्क (वाटलेली चटणी), काढा, हिम (थंड पाण्यात भिजवलेले) आणि फांट (उकळत्या पाण्यात झाकून मुरवलेले) अशा पाच कृती वेगवेगळ्या सांगितल्या त्या याचसाठी.

ढोबळ ओळख नाक, जीभ आणि बोटांनी होते. चुरडल्यावर वास दरवळला तर त्यात उडनशील तेल आहे, ते उकळायचे नाही. कडू, तुरट किंवा गोड लागणारे पण वास नसलेले मूळ आणि साल पाण्यात उकळून उतरते. बोटांना न निघणारा रंग लागला तर स्निग्ध पदार्थ लागणार. बुळबुळीत लागले तर थंड पाणी पुरे. याला अपवाद आहेत, लसूण हा सगळ्यांत मोठा.

मोजायला एकेका ग्रॅमचा फरक दाखवणारा छोटा वजनकाटा आणि मिलीच्या खुणा असलेला औषधाचा पेला घ्या. चहाचा चमचा म्हणजे ५ मिली पाणी, पण त्याच चमच्यात वाळली तुळस जेमतेम ग्रॅमभर मावते आणि सुंठपूड दोन ग्रॅमांच्या पुढे जाते. चिमूट आणि मूठ स्वयंपाकाला ठीक आहेत, औषधाला नाहीत.

वासाच्या वनस्पती: आधी आच बंद, मग पाने

कृष्ण तुळशीचे पान चावले की लवंगेसारखी झणझण जाणवते, कारण दोन्हींत युजेनॉल हे उडनशील द्रव्य आहे. लवंगेच्या कळीत १५ ते २० टक्के तेल असते आणि त्या तेलाचा बहुतांश भाग युजेनॉलच असतो. तुळशीत प्रमाण कमी आणि जातीनुसार बदलणारे. गवती चहात सिट्रल, ओव्यात थायमॉल, पुदिन्यात मेंथॉल. युजेनॉलचा उत्कलनबिंदू २५० अंशांच्या वर आहे, म्हणून ते उकळत्या पाण्यात टिकावे असे वाटते. पण ही तेले पाण्याच्या वाफेवर स्वार होऊन १०० अंशांच्या आतच निघून जातात. अत्तरवाले याच गुणाचा वापर करून तेल काढतात. घर सुगंधाने भरले की औषध घरात पसरलेले असते, कपात आलेले नसते.

तुळशीचा फांट असा करा. एका माणसासाठी १५० मिली पाणी उकळा. आच बंद करा. १५ ते २० ताजी पाने हाताने फाडून टाका. सुरीने कापण्यापेक्षा फाडून थोडी चुरडली तर तेलाच्या पेशी जास्त फुटतात. लगेच घट्ट बसणारे झाकण ठेवा आणि ७ ते ८ मिनिटे हात लावू नका. झाकण उचलताना तिरके धरा: त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले असतील. ते हुंगून पाहा, कपातल्या पाण्यापेक्षा त्यांचा वास तीव्र असतो. ते थेंब ओट्यावर न झटकता कपात निथळू द्या. वाळलेली पाने घेतली तर दीड-दोन ग्रॅम पुरतात आणि वेळ १० मिनिटे द्यावा. गवती चहाचेही असेच. चहाबरोबर उकळायचा असेल तर अगदी शेवटी टाकून झाकण ठेवा.

ओव्याचे तेल दाण्याच्या सालीतल्या बारीक नळ्यांत असते. अख्खा ओवा गरम पाण्यात टाकला तर ते फारसे बाहेर येत नाही. खलबत्त्यात दोन-तीन घाव घालून अर्धवट फोडा, अर्धा चमचा ओव्याला १०० मिली उकळते पाणी, झाकण, १० मिनिटे. भाजायचाच असेल तर तवा कोमट होईपर्यंतच. दाणा तडतडला आणि रंग बदलला की निम्मे काम वाया गेले.

कापूर, ओवाफूल म्हणजे थायमॉलचे खडे, आणि पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉलचे खडे समभाग घेऊन बाटलीत घातले की काही वेळात तिन्ही कोरडे खडे आपोआप पातळ होतात. पाणी नाही, आच नाही. एकत्र आल्यावर त्यांचा वितळण्याचा अंश खोलीच्या तापमानाखाली उतरतो, म्हणून असे होते. हीच अमृतधारा. ती इतकी तीव्र असते की मोठ्या माणसाने वास घ्यायलाही रुमालावर एकदोन थेंब पुरे. कापराने लहान मुलांना झटके येतात, म्हणून दोन वर्षांखालील मुलाच्या नाकाला, छातीला किंवा उशीला कापूर आणि त्याची मिश्रणे लावू नयेत. पोटात तर मुळीच जाऊ देऊ नयेत.

दात दुखत असेल तर अख्खी लवंग दाढेखाली धरून हळूहळू चावणे हा सुरक्षित मार्ग. लवंग तेल निखळ लावले तर हिरडी पांढरी पडून सोलवटते. एक थेंब अर्धा चमचा खोबरेल तेलात मिसळून कापसाने फक्त दातावर टेकवा. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. हे तेल थोडेसे पोटात गेले तरी लहान मुलाच्या यकृताला गंभीर इजा करू शकते.

धने आणि वाळा यांना तर गरम पाणीही नको. १० ग्रॅम धने भरडून ६० मिली पाण्यात रात्रभर झाकून ठेवा, सकाळी कुस्करून गाळा, खडीसाखर घाला. हा हिम. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात तेही हेच.

काढा: भरड, मंद आच, उघडे पातेले

काढ्याला लागतात ती पाण्यात विरघळणारी आणि उकळी सोसणारी द्रव्ये: ज्येष्ठमधातले ग्लिसिरायझिन, अडुळशातले व्हॅसिसिन, बेहड्यातले टॅनिन. इथे नियम फांटाच्या बरोबर उलट. पातेले उघडे, कारण पाणी आटवायचे आहे.

खोकल्यासाठी दोघांचा काढा: वाळलेली अडुळशाची पाने १० ग्रॅम, ज्येष्ठमध ५ ग्रॅम, बेहड्याची साल ५ ग्रॅम. एकूण २० ग्रॅम, त्याच्या १६ पट म्हणजे ३२० मिली पाणी, आटवून चौथाई म्हणजे ८० मिली. प्रत्येकी ४० मिली, जेवणानंतर.

ज्येष्ठमध आणि बेहडा खलबत्त्यात तुरीच्या डाळीएवढे भरडा. वस्त्रगाळ पूड वापरू नका. बारीक पुडीतला स्टार्च फुगून खळ तयार होते, ती तळाला लागते, करपते, आणि गाळणीतून उतरत नाही. भरड दोन तास, मुळे फार टणक असतील तर रात्रभर त्याच पाण्यात भिजवा. पाणी आत गेलेले असेल तर उकळताना द्रव्य सहज बाहेर येते. कोरडे मूळ थेट उकळले तर बाहेरून मऊ आणि आतून कोरे राहते.

चौथाई झाली हे अंदाजाने ठरवताना जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. त्याला साधी युक्ती आहे. चहाच्या लहान पातेल्यात आधी ८० मिली पाणी ओता, लाकडी चमच्याची दांडी उभी बुडवा आणि पाणी आले तिथे पेन्सिलीने खूण करा. मग बाकीचे पाणी आणि भरड घाला. मधूनमधून दांडी बुडवून पाहा; भरडीमुळे पातळी थोडी वर दिसते, म्हणून शेवटी गाळून पेल्यात मोजा, कमी भरले तर तेवढे गरम पाणी भरडीवर ओतून पिळून घ्या. आच इतकी मंद हवी की बुडबुडे कडेने येत राहतील, २५ ते ३० मिनिटे लागतात. मोठे पातेले घेतले तर शेवटचे पाणी पसरून तळ करपतो आणि काढ्याला जळका वास येतो. असा काढा टाकून द्या. सुंठ किंवा दालचिनी घालायची असेल तर आच बंद केल्यावर घालून पाच मिनिटे झाका.

काढा त्या दिवसापुरता. सकाळी केला, संध्याकाळी संपवला. दुसऱ्या दिवशी तो आंबतो, वर फेस येतो. आठवड्याचा काढा एकदम करून बाटलीत भरणे घातक आहे.

ज्येष्ठमधाबद्दल स्पष्ट सांगायला हवे, कारण ते गोड असते आणि निरुपद्रवी वाटते. ग्लिसिरायझिन साखरेच्या जवळपास ५० पट गोड आहे. पण ते शरीरातले एक विकर (एन्झाइम) अडवते, त्यामुळे मीठ आणि पाणी साचते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो, पायांना सूज येते. दिवसाला १०० मिलिग्रॅमपर्यंत ग्लिसिरायझिन बहुतेक मोठ्या माणसांना चालते असे युरोपात धरतात, आणि मुळात ते काही टक्के असते. म्हणजे अडीच-तीन ग्रॅम मूळ झाले की ती मर्यादा आलीच. वरचे प्रमाण म्हणूनच माणशी अडीच ग्रॅम ठेवले आहे, तेही आठवडाभरच. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांचा आजार असेल किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर ज्येष्ठमध वगळा. गरोदरपणातही नको.

अडुळसा ताजा मिळाला तर

कोकणात आणि देशावर अडुळसा कुंपणाला लावतात, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. समोरासमोर येणारी भाल्यासारखी लांब पाने, आणि पांढरी, दोन ओठांची, आत जांभळट रेघा असलेली फुले ही त्याची ओळख. कडूपणा आहे तो व्हॅसिसिन या अल्कलॉइडचा. याच द्रव्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि ब्रोमहेक्सिनपासून शरीरात जे बनते ते ॲम्ब्रोक्सॉल. औषधाच्या दुकानातल्या खोकल्याच्या बाटलीवर ही दोन नावे वाचली असतील.

ताजी पाने नुसती वाटून पिळली तर रस निघत नाही, हिरवा चोथा हाताला चिकटतो. म्हणून आधी वाफ द्यावी लागते. मूठभर पाने धुऊन, केळीच्या पानात गुंडाळून मोदकपात्रात १० मिनिटे वाफवा. रंग उजळ हिरव्याचा मेंदीसारखा काळपट झाला आणि पान बोटात लोळागोळा झाले की काढा. कोमट असतानाच वाटा आणि सुती फडक्यातून पिळा. थंड झाल्यावर रस पुन्हा कमी निघतो. मोठ्या माणसाला १० मिली, चमचाभर मध घालून, दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस. मध उकळत्या रसात घालू नका. एका वर्षाखालील बाळाला मध कुठल्याच औषधातून देऊ नये, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून गरोदर बाईला तो कोणत्याही रूपात देऊ नये. आठवडाभरात खोकला हटला नाही, किंवा थुंकीतून रक्त आले, तर अडुळसा वाढवायचा नाही, डॉक्टरांकडे जायचे.

हळद: पाणी तिच्या कामाचे नाही

दोन पेले घ्या. एकात गरम पाणी, दुसऱ्यात तितकेच कोमट तेल. दोन्हींत पाव चमचा हळद ढवळा आणि अर्धा तास ठेवा. पाण्यात हळद तळाशी जाईल आणि वरचे पाणी फिके राहील. तेल मात्र पारदर्शक सोनेरी होईल. तो सोनेरी रंग म्हणजे कर्क्युमिन. कपड्यावरचा डागही खूप काही सांगतो: साबण लावला की तो लाल होतो, कारण कर्क्युमिन क्षारात बदलते, आणि चुना घालून हळदीचे कुंकू होते ते त्यामुळेच; आणि तोच डाग उन्हात टाकला की फिका पडतो, कारण प्रकाश त्याला मोडतो. म्हणून हळदीच्या पदार्थात खाण्याचा सोडा नको, आणि हळदीची बरणी काचेची असेल तर ती अंधाऱ्या कपाटात हवी.

हळदीचे दूध: पाऊण चमचा तूप मंद आचेवर वितळवा, अर्धा चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम हळद घालून अर्धा मिनिट परता. कच्चा वास जाऊन खमंग वास आला की २०० मिली सायीसकट दूध आणि दोन ठेचलेले मिरे घाला, पाच मिनिटे मंद उकळा. तळाशी हळद उरली तर ढवळून तीही प्या. मिरे चवीसाठी नाहीत. त्यातले पिपरीन कर्क्युमिनला आतड्यातून आणि यकृतातून पटकन बाहेर टाकले जाण्यापासून रोखते. बंगळूरमध्ये झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर रक्तात उतरणारे प्रमाण २० पट झाले.

तरी अपेक्षा नेमकी ठेवावी. हळदीत कर्क्युमिन सुमारे तीन टक्के धरले तर कपभर दुधात ४५ मिलिग्रॅम येते. संशोधनात बहुधा ५०० मिलिग्रॅमपासून पुढच्या मात्रा वापरतात. दूध म्हणून ते चांगले आहे, घशाला बरे वाटते. सांधेदुखीच्या गोळीची जागा ते घेणार नाही. आणि कर्क्युमिन-पिपरीनच्या कॅप्सूल हे दूध नव्हे: त्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याची उदाहरणे आहेत, शिवाय पिपरीन फिट्सच्या आणि इतर काही औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढवते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पित्ताशयातले खडे यांपैकी काही असेल तर कॅप्सूल नकोच.

हळद जखमेवर लावावी हे आपल्या आज्यांना माहीत होते, तरी १९९५ मध्ये अमेरिकेत तिच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवले. तेव्हा कामी आले ते जुने लिखित पुरावे.

हळकुंडे घेऊन दळून आणा. अति भडक पिवळी, तळहातावर चोळताच रंगाची भुकटी सुटणारी हळकुंडे नाकारा. चकाकीसाठी शिसे असलेला रंग चोळण्याचे प्रकार झालेले आहेत.

सिद्ध तेल, म्हणजे वनस्पतीचा गुण आटवून उतरवलेले तेल, घरी करायचे असेल तर चटणी, तेल आणि रस यांचे प्रमाण १ : ४ : १६. माक्याच्या तेलासाठी माक्याची वाटलेली चटणी २५ ग्रॅम, तिळाचे तेल १०० मिली, माक्याचा रस ४०० मिली. मंद आचेवर तीन-चार तास लागतात, घाई केली तर चटणी करपते आणि आत पाणी तसेच राहते. झाले का, हे असे तपासा: चटणीचा कण बोटांत घेऊन वळा, वात वळली पाहिजे. ती वात विस्तवावर धरा. तडतड आवाज आला तर पाणी शिल्लक आहे, आणखी आटवा. बिनआवाज जळली तर तेल सिद्ध झाले. पाणी राहिलेले तेल पंधरा दिवसांत खवट होते आणि त्याला बुरशी धरते. तूप सिद्ध करताना फेस शमतो, तेलात उलट शेवटी फेस येतो.

लसूण आणि आले

अख्ख्या पाकळीला वास नसतो. तिच्यात ॲलिइन एका कप्प्यात आणि त्याला फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. ठेचल्यावर दोन्ही भेटतात आणि ॲलिसिन तयार होते. आधीच गरम तेलात पाकळ्या टाकल्या तर विकर मरते आणि ॲलिसिन बनतच नाही. म्हणून ठेचा, १० मिनिटे थांबा, मग वापरा; तेही शक्यतो शिजवणे संपता संपता. दिवसाला एक-दोन पाकळ्या पुरे. ठेचलेली लसूण त्वचेवर बांधू नका, तासाभरात भाजल्यासारखे फोड येतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आठवडाभर आधी कच्ची लसूण बंद करून डॉक्टरांना सांगा. लसूण तेलात बुडवून ओट्यावर आठवडाभर ठेवणे फार धोक्याचे: हवा नसलेल्या त्या तेलात बॉट्युलिझमचे जिवाणू वाढतात आणि वासाने ते कळत नाही. लागेल तेवढेच करा.

आल्यात जिंजरॉल असते. वाळवले की त्यातले पाणी जाऊन काही जिंजरॉलचे शोगाओल होते, ते अधिक तिखट. त्यामुळे सुंठ ही नुसते वाळलेले आले नाही, तिचे रसायनच निराळे आहे. मळमळीसाठी दिवसभरात एक ग्रॅम सुंठ, तीन-चार वेळा विभागून. आल्याची साल खरवडून काढा, जाड सोलू नका, तेलाच्या पेशी सालीलगत असतात.

तुरट वस्तू आणि भांडे

आवळा, हिरडा, बेहडा, डाळिंबाची साल यांत टॅनिन असते. लोखंडी कढईत ते उकळले की शाईसारखे काळे होते. जुनी शाई अशीच करत. केसांच्या रंगासाठी तो काळेपणा हवा, पोटात घ्यायच्या काढ्यासाठी नको. तांब्याच्या भांड्यात आवळ्यातले क जीवनसत्त्व झपाट्याने नासते. स्टील किंवा काच घ्या. लोहाच्या गोळ्या आणि त्रिफळा यांत दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर टॅनिन लोह बांधून ठेवते.

बुळबुळीत गटाला फार सांगायला नको. इसबगोल चमचाभर, २०० मिली पाण्यात ढवळून लगेच पिणे आणि वर आणखी पेलाभर पाणी. कोरडा तोंडात टाकला तर घशात फुगून अडकतो. कोरफडीत दोन वेगळ्या वस्तू आहेत: आतला पारदर्शक गर, आणि सालीखालचा पिवळा चीक, ज्यात ॲलॉइन हे जोरदार रेचक असते. तोच चीक वाळवून काळा बोळ होतो. पान बुंध्याशी कापून १५ मिनिटे भांड्यात उभे ठेवा, पिवळा चीक खाली ओघळेल. मग कडा कापा, साल काढा, आणि गर दोनदा पाण्यात धुवा. पोटात मुरडा येतो तो बहुधा हे न केल्याने.

बाळगुटी

सहाणेवर वेखंड, जायफळ, मायफळ, हिरडा, सुंठ उगाळून वेढे मोजत बाळाला चाटवायची पद्धत अजून आहे. वेढा हे माप नाही. सहाण किती खरखरीत, हात किती दाबला, यावर एकाच वेढ्यात कितीतरी पट फरक पडतो. भारतीय वेखंडात बीटा-ॲसारोन भरपूर असते. उंदरांत गाठी झाल्यावरून अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. जायफळातल्या मायरिस्टिसिनने बाळ गुंगते, आणि आपल्याला वाटते की शांत झोपले. पहिले सहा महिने आईचे दूध आणि दुसरे काहीही नाही, गुटीही नाही.

गुळवेल, आणि घरी वापरायच्याच नाहीत अशा वनस्पती

गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तेव्हा सांगितले की सारखी दिसणारी दुसरी जात घेतली गेली असावी. दोन्ही बाजू धरूनच वागावे. औषधी गुळवेलीची पाने हृदयाकृती आणि गुळगुळीत असतात. खोडावर मोठ्या, दाट गाठीगाठी असतील किंवा पानांना खालून लव असेल तर ती घेऊ नका. संधिवातासारखे स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारशक्तीचे आजार, थायरॉइडचा तसा आजार किंवा यकृताचा त्रास असलेल्यांनी ती टाळावी. रोज महिनोन्‌महिने तर कोणीच घेऊ नये. लघवी गडद, डोळे पिवळट, भूक मेलेली, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी थांबवून रक्ततपासणी करा. अश्वगंधालाही हेच लागू. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

सर्पगंधेवर मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबाबाबत लिहिले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे झाले. ते इतके प्रभावी आहे की मुळाच्या तुकड्यातले प्रमाण घरी ठरवणे अशक्य, आणि त्याने खोल नैराश्यही येऊ शकते. सदाफुलीत कर्करोगावरची व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन आहेत, म्हणून मधुमेहासाठी तिची पाने चावणे चूक आहे. सह्याद्रीतल्या नरक्याच्या लाकडात कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारे कॅम्पटोथेसिन आहे. त्यासाठी जंगलातली झाडे तोडून नेली जातात. या तिन्ही वनस्पतींना स्वयंपाकघरात जागा नाही.

वाळवणे आणि साठवणे

पाने सकाळी, दव सुकल्यावर तोडा. धुऊन, फडक्यावर पुसून, सावलीत वाऱ्यावर एकाच थरात पसरा. उन्हात टाकली तर रंग आणि तेल दोन्ही जातात. तीन ते पाच दिवसांनी देठ वाकण्याऐवजी कट्‌कन तुटला की वाळली. १०० ग्रॅम तुळशीची साधारण १५ ते २० ग्रॅम होते. पावसाळ्यात वाळवू नका, वरून सुकी आणि देठात ओली राहून बरणीत बुरशी धरते. मुळांचे आडवे काप करून वाळवा, अख्खे मूळ आत कुजते.

बरणी काचेची, अंधारात, आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी: वनस्पतीचे नाव, कोणता भाग, तारीख. वासाची पाने सहा महिने, अख्खी मुळे आणि साली वर्ष-दीड वर्ष, पूड तीन-चार महिने, कारण पूड केली की हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. काष्ठौषधीच्या दुकानातून आणतानाही पूड न घेता अख्खी वस्तू घ्या, भरड घरी करा. वाळली तुळस किंवा ओवा वापरण्याआधी तळहातावर चुरडून हुंगा. वास आला नाही तर ती खताच्या कुंडीत टाका आणि नवी वाळवा.